अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांनी ओळखून ठेवावी अशी एक वेल

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांसाठी आपल्या वृत्तपत्रात उन्हाळ्याच्या तोंडावर नेहमी उपयोगी मजकूर येत असतो. औषधे किती न्यावीत, विमा कसा उतरवावा, विमानतळावर चाकाची खुर्ची कशी मागावी, हे सारे मी गेल्या वर्षी कात्रणे काढून वाचले आणि पाळलेही. त्या सूचनांमध्ये एका वेलीची भर घालावी, एवढ्या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे. तिचे इंग्रजी नाव पॉयझन आयव्ही. तिकडे लहानाची मोठी झालेली माणसे तिला शाळेपासून ओळखतात, त्यामुळे ती कोणाला सांगावी असे त्यांच्या मनातही येत नाही. आपली मुले नोकरीच्या निमित्ताने तिकडे गेलेली असतात, त्यांचा परसबागेशी संबंध शनिवार-रविवारपुरता असतो, आणि पुष्कळदा त्यांनाही ती ठाऊक नसते. मग सकाळपासून घरात एकटे असलेले आजी-आजोबा हात मोकळे राहवत नाहीत म्हणून बागेत उतरतात आणि ती वेल त्यांच्याच वाट्याला येते.

गेल्या जूनमध्ये आम्ही न्यू जर्सीला मुलाकडे होतो. माझे यजमान बहात्तर वर्षांचे आहेत आणि मातीत हात घातल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही. मुलाच्या घरामागे कुंपणाला लागून मेपलचे एक जुने झाड आहे आणि त्याच्या खोडावर एक वेल बरीच उंच चढली होती. झाडाचा जीव गुदमरतो आहे असे म्हणून एका सकाळी यजमानांनी बाह्या दुमडल्या, हातमोजे न घालता ती वेल बुंध्यापासून ओढून काढली, तिचे तुकडे केले आणि ढीग कोपऱ्यात रचला. या कामात दोन तास गेले. मध्ये मध्ये त्यांनी मनगटाने कपाळावरचा घाम पुसला. नंतर चहा घेतला, वर्तमानपत्र वाचले आणि मग आंघोळ केली. त्यांचे कपडे मी नळाखाली हाताने पिळून मशीनमध्ये टाकले. पानांचा आकार पाहून मला बेलाची आठवण झाली होती आणि तसे मी त्यांना बोलूनही दाखवले होते, हे मला आजही टोचते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या दोन्ही हातांना कंड सुटली. तिसऱ्या दिवशी सकाळी मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघा उठल्या होत्या. कोणी झाडाच्या काटकीने ओरखडे काढावेत तशा त्या सरळ होत्या आणि प्रत्येक रेघेवर बारीक पाणफोडांची माळ होती. दुपारपर्यंत कपाळ सुजले, आणि चौथ्या दिवशी उजवा डोळा उघडेना. नागीण झाली असावी असे आम्हाला वाटले. वास्तविक नागीण अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि इथे दोन्ही हात भरले होते, पण घाबरलेल्या माणसाला तेवढा विचार सुचत नाही. घरात चार वर्षांचा नातू होता. त्याला लागण होऊ नये म्हणून यजमानांनी स्वतःहून तळघरातली खोली धरली. त्यांचे ताट, पेला, टॉवेल, सगळे वेगळे केले. नातू जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून आजोबांना हाका मारी आणि ते खालूनच त्याला ओ देत. असे दहा दिवस गेले. ते दहा दिवस पूर्णपणे अनाठायी होते हे आम्हाला नंतर कळले, आणि या पत्रामागचे खरे कारण तेच आहे.

या पुरळाचा संसर्ग होत नाही. फोड फुटून जे पाणी वाहते ते आपल्याच शरीरातले पाणी असते, त्यात त्या वेलीचा अंशही नसतो. ते पाणी दुसऱ्याच्या अंगाला लागले तरी त्याला काही होत नाही आणि आपल्याच अंगावर ओघळले तरी त्यातून नवे फोड येत नाहीत. त्रास देतो तो वेलीचा चीक. पान, देठ, खोड, मुळी, सगळ्यांत तो असतो आणि त्यात उरुशिऑल नावाचे तेलकट द्रव्य असते. हे नाव जपानी भाषेतून आले आहे. जपानमध्ये लाखेसारखी चकचकीत भांडी ज्या झाडाच्या चिकाने रंगवतात तो चीक म्हणजे उरुशी, आणि ते झाड या वेलीचे सख्खे नातलग आहे. कातडीवर चीक लागला की ते द्रव्य काही मिनिटांतच आत मुरून तिथल्या प्रथिनांना चिकटते, शरीराच्या संरक्षक पेशी त्या भागाला परके समजून त्यावर तुटून पडतात, आणि त्या झटापटीत आपलीच त्वचा फोडांनी भरून येते. म्हणजे याला विषबाधा म्हणण्यापेक्षा ॲलर्जी म्हणणे अधिक बरोबर. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ असे सांगतात की शंभरांतल्या ऐंशी ते पंच्याऐंशी माणसांना हा चीक बाधतो, आणि तो बाधायला मिठाच्या एका कणाहूनही कमी द्रव्य पुरते.

मग फोड रोज नव्या नव्या जागी का उठतात, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. पुरळ पसरतो आहे असे दिसते खरे, पण त्याचे कारण वेगळे आहे. जिथे चीक जास्त लागला आणि कातडी पातळ आहे तिथे फोड आधी येतात, जिथे कमी लागला किंवा कातडी जाड आहे तिथे ते दोन-चार दिवस उशिरा येतात. दुसरे कारण अधिक घातक आहे. कपडे, बुटाच्या नाड्या, कात्री, खुरपे, दाराची मूठ, कुत्र्याचे केस, यांपैकी कशालाही लागलेला चीक तसाच राहतो, आणि माणूस त्या वस्तूला पुन्हा पुन्हा हात लावून स्वतःला नव्याने बाधा करून घेतो. अवजारांवर तो महिनोन्महिने, कधी कधी वर्षानुवर्षे टिकतो.

माझ्या बाबतीत नेमके हेच झाले. यजमानांना तळघरात जाऊन आठवडा उलटला असेल, तेव्हा माझ्याही बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर फोड आले. घरात सगळ्यांनी मानले की शुश्रूषा करताना मला त्यांच्याकडून लागण झाली, आणि वेगळे राहण्याचे नियम आणखी कडक झाले. पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी उलगडा केला. मी पहिल्याच दिवशी त्यांचे चीक लागलेले कपडे पिळले होते. माझी त्या चिकाशी ती पहिलीच गाठ होती, आणि पहिल्या खेपेला शरीराला त्याची ओळख पटून पुरळ उठायला एक ते तीन आठवडे लागू शकतात. एकदा ओळख पटली की पुढच्या वेळी मात्र बारा ते अठ्ठेचाळीस तासांतच पुरळ उठतो.

यजमानांनाही ती वेल आयुष्यात पहिल्यांदाच लागली होती, मग त्यांना दीड दिवसातच कसा त्रास झाला? याचे उत्तर आपल्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे असे आहे. त्यांचे बालपण विदर्भातल्या एका खेड्यात गेले आणि आठ-नऊ वर्षांचे असताना त्यांना बिब्बा उतला होता. बिब्बा, काजू, आंबा आणि पॉयझन आयव्ही ही सारी एकाच आम्रकुलातली. बिब्ब्याच्या तेलात, काजूच्या टरफलाच्या तेलात आणि आंब्याच्या देठाशी येणाऱ्या चिकात उरुशिऑलच्याच जातकुळीची द्रव्ये असतात. त्यामुळे ज्याला बिब्बा उतला आहे, किंवा आंब्याचा चीक लागून ज्याच्या ओठांभोवती दर उन्हाळ्यात चट्टे उठतात, त्याचे शरीर या वेलीला भेटण्याआधीच तिला ओळखून बसलेले असू शकते. याची उलट बाजूही नोंदलेली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर वा कमरेवर, नेमके धोब्याने बिब्ब्याने खूण केलेला कपडा जिथे टेकत असे तिथे, फोड येऊ लागले आणि त्यांच्या लष्करी डॉक्टरांनी 1943 साली त्याबद्दल लिहून ठेवले. तेव्हा अमेरिकेला जाणाऱ्या ज्येष्ठांनी, आपल्याला पूर्वी बिब्बा उतला होता का, हे स्वतःला एकदा विचारावे आणि उत्तर होय असेल तर इतरांच्या दुप्पट सावध राहावे.

आता ओळखण्याविषयी. अमेरिकेत मुलांना एक यमक शिकवतात, त्याचा अर्थ असा की तीन पाने दिसली की हात लावू नये. आपल्याला तीन पानांची रचना नव्याने समजावून घ्यावी लागत नाही, कारण बेल आणि पळस आपण जन्मभर पाहत आलो आहोत. एका देठाच्या टोकाला तीन दळे, त्यातले मधले स्वतःच्या लांबट देठावर पुढे आलेले, आणि बाजूची दोन जवळजवळ देठाविना समोरासमोर बसलेली, ही बेलपत्राची ठेवण पॉयझन आयव्हीची अगदी जवळून आठवण करून देते. पण बेलाची बाजूची दळे सारखी असतात, तर या वेलीची बाजूची दळे एका अंगाला जास्त पसरलेली असतात, आणि पुष्कळदा बाहेरच्या कडेला एक खाच पडून ते दळ अंगठा बाहेर काढलेल्या लोकरी हातमोज्यासारखे दिसते. पानाच्या कडेवर भिस्त ठेवू नये. एकाच वेलीवर काही पाने सरळ कडेची, काही दातेरी, तर काही खोल खाचांची असतात, आणि कुठल्या तरी एका चित्राशी ताडून पाहणारा माणूस तिथेच फसतो.

त्यापेक्षा देठ फांदीला कसे लागले आहेत ते पाहावे. पॉयझन आयव्हीची पाने फांदीवर एक या बाजूला, पुढचे त्या बाजूला, अशी एकाआड एक येतात, दोन देठ समोरासमोर कधीच फुटत नाहीत. मेपलच्याच जातीतले बॉक्स एल्डर नावाचे झाड रोपट्याच्या वयात हुबेहूब तिच्यासारखे त्रिदळी दिसते, पण त्याची पाने समोरासमोर जोडीने येतात, आणि एवढ्या एका खुणेवरून दोघांतला फरक कळतो. तिला काटे नसतात. रासबेरी आणि ब्लॅकबेरी यांचीही पाने बहुधा तीन-तीन असतात, पण त्यांच्या देठांवर काटे असतात आणि पान उलटले तर खालची बाजू पांढुरकी दिसते (हे पान अर्थात हातमोजा घालून किंवा काडीने उलटावे). भिंतीवर चढणारी व्हर्जिनिया क्रीपर तिच्या शेजारीच वाढते, तिला मात्र पाच दळे असतात.

ऋतूप्रमाणे ती रूप बदलते. वसंतात कोवळी पाने तांबूस आणि तुकतुकीत असतात, उन्हाळ्यात ती चारचौघींसारखी हिरवी होतात, आणि शरदात तिच्याइतकी सुंदर लाल-केशरी वेल आसपास दुसरी नसते. रंगीत पाने गोळा करायला नातवंडांना घेऊन निघालेल्या आजी-आजोबांनी हे विशेष लक्षात ठेवावे. फळे मिऱ्याएवढी, पांढुरकी, घोसाने लागतात आणि हिवाळ्यातही टिकतात. पक्षी ती आवडीने खातात आणि बी दूरवर नेऊन टाकतात, हरणे तिची पाने खातात. बाधा होते ती माणसालाच. पाने गळून गेल्यावर ओळखायचे ते खोडावरून. झाडावर चढलेल्या जुन्या वेलीचे खोड मनगटाएवढे जाड होते आणि त्याला सर्व बाजूंनी तपकिरी केसाळ मुळ्या फुटून ती झाडाच्या सालीला घट्ट धरतात. नारळाच्या काथ्याचा जाड दोर खोडाला चिकटवून ठेवावा तसे ते दिसते. यजमानांनी दोन्ही हातांनी कवटाळून ओढला तो हाच दोर. पाने नसतानाही त्या खोडात चीक पुरेपूर असतो, म्हणून थंडीतही हात लावू नये आणि ते लाकूड जळणात घेऊ नये. ही वेल नेहमी उंच चढलेलीच सापडते असेही नाही. पायवाटेच्या कडेला ती घोट्याएवढ्या उंचीने जमिनीवर पसरते आणि उघड्या जागी झुडपासारखीही वाढते. तिला दाट जंगलापेक्षा जंगलाची कड, कुंपण, रस्त्याचा काठ, म्हणजे माणसाने जिथे जागा मोकळी केली आहे ती सावली-उन्हाची किनार जास्त मानवते.

सतराव्या शतकात व्हर्जिनियात गेलेल्या कॅप्टन जॉन स्मिथ या इंग्रजाने या वेलीची तुलना इंग्लंडमधल्या आयव्हीशी केली आणि स्पर्शाने अंग लाल होऊन फोड येतात असे नोंदवले, तेव्हापासून हे नाव चालत आले आहे. खऱ्या आयव्हीशी तिचे काही नाते नाही. अमेरिकेचा पूर्व भाग, मध्य भाग आणि टेक्सास हे तिचे मोठे क्षेत्र. कॅलिफोर्नियात, ओरेगनात आणि वॉशिंग्टन राज्याच्या काही भागांत पॉयझन ओक नावाची तिची बहीण भेटते, तिलाही तीनच दळे असतात, पण ती ओकच्या पानासारखी गोलसर खाचांची असतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास आपली पुष्कळ मुले राहतात आणि आई-वडिलांना टेकड्यांवर फिरायला नेतात, तिथल्या पायवाटांवर हीच सांभाळायची. तिसरी पॉयझन सुमॅक दलदलीत वाढते आणि बागेत सहसा सापडत नाही.

चीक लागल्याचे लक्षात आले तर सर्वांत मोठे औषध म्हणजे घड्याळ. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत नीट धुतले तर बराचसा चीक निघून जातो, अर्धा तास गेला की फारच थोडा निघतो. त्यानंतरही धुवावेच, कारण कातडीवर उरलेला चीक इतरत्र लागायचा राहतो. फणस कापल्यावर नुसत्या पाण्याने हाताचा चीक जात नाही हे आपल्याला ठाऊक आहे, तसेच हे आहे. तेलकटपणा तोडणारा भांडी घासायचा साबण घ्यावा, कोमट किंवा गार वाहत्या पाण्याखाली फडक्याने घासून हात धुवावेत, आणि असे दोन-तीन वेळा करावे. नखांखाली विसरू नये. बाजारात यासाठी महाग द्रावणे मिळतात, त्यांचा उपयोग होतो, पण साबण-पाण्याने चोळून धुण्याला ती फार मोठ्या फरकाने मागे टाकत नाहीत. टबात बसून आंघोळ करू नये, कारण चीक पाण्यावर तरंगून अंगभर लागेल. आणि फणसाच्या चिकावर आपण खोबरेल लावतो तसे इथे मुळीच करू नये. उरुशिऑल तेलात विरघळते, म्हणजे तेल चोळणे हे ते हाताने अंगभर सारवण्यासारखेच आहे. अंगावरचे कपडे लगेच वेगळे काढून गरम पाण्यात भरपूर साबणाने धुवावेत, ते काढताना व धुताना हातमोजे घालावेत, आणि बूट व अवजारे साबणाने किंवा स्पिरिटने पुसून घ्यावीत. आम्ही यातले काहीही केले नाही. चहाला बसलो.

पुरळ उठल्यावर तो एक ते तीन आठवडे राहतो. सौम्य असेल तर घरीच सोसता येतो. गार पाण्यात भिजवलेले स्वच्छ फडके दिवसातून तीन-चार वेळा ठेवावे, कॅलामाइन लोशन लावावे, आंघोळीच्या पाण्यात ओटचे बारीक पीठ घालावे, त्याने कंड खरोखरच शमते. नखे कापून टाकावीत आणि फोड फोडू नयेत. दुकानात चिठ्ठीविना मिळणारे एक टक्का हायड्रोकॉर्टिझोन अगदी किरकोळ पुरळावरच पुरे पडते. ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्यांनी या खाजेला फारसा उतार पडत नाही, कारण ही खाज हिस्टामिनची नव्हे, त्यातल्या काहींनी झोप लागते एवढाच त्यांचा उपयोग. कातडी सुन्न करणारी किंवा ॲलर्जीविरोधी औषध मिसळलेली मलमे त्यावर चोळू नयेत, त्यांचीच नवी ॲलर्जी होऊ शकते. फुटलेल्या फोडांवर हळद, लिंबू, चुना असे काही लावण्याचा मोह आपल्याला होतो, माझा स्वतःचा हात हळदीच्या डब्याकडे गेला होता. उघड्या कातडीवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही लावू नये, हे मी कळकळीने सांगते.

इथे आणखी एका गोष्टीचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. आपल्याकडे घरोघरी होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची पेटी असते आणि तीत ऱ्हस टॉक्स हमखास असते. हे नाव ज्या वनस्पतीवरून आले ती हीच पॉयझन आयव्ही. आमच्याही पिशवीत ती बाटली होती आणि मुलाच्या दारात तीच वेल उभी होती, पण दोघींचे नाते आम्हाला कोणी सांगितले नव्हते. नावाच्या या ओळखीवर विसंबून सुजलेल्या डोळ्याच्या माणसाला केवळ त्या गोळ्यांवर ठेवणे मला धोक्याचे वाटते.

डोळे, चेहरा किंवा गुप्तांगे सुजली, अंगाचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग पुरळाने भरला, फोडांत पू झाला, किंवा ताप 100 अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर डॉक्टरांकडे जायला वेळ लावू नये. अशा वेळी पोटातून स्टेरॉइड द्यावे लागते आणि ते किती दिवस द्यावे याला फार महत्त्व आहे. आम्ही प्रथम गेलो त्या दवाखान्यात सहा दिवसांचे गोळ्यांचे पाकीट मिळाले. तिसऱ्या दिवशी डोळा उघडला, सहाव्या दिवशी आम्ही देवापुढे साखर ठेवली, आणि गोळ्या संपून दोन दिवस झाले नाहीत तोच सगळे पुरळ पुन्हा उसळले, पहिल्याहून जास्त. त्वचारोगतज्ज्ञांनी मग जवळजवळ तीन आठवडे हळूहळू कमी करत नेलेला कोर्स दिला आणि तेव्हा कुठे ते कायमचे बसले. शरीराची ती चढाई दोन-तीन आठवडे चाललेली असते, म्हणून औषध मध्येच थांबले की ती पुन्हा डोके वर काढते. औषध किती दिवस चालेल, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारण्याचे धैर्य रोग्याच्या नातलगांनी दाखवावे. यजमानांना मधुमेह आहे. स्टेरॉइडने साखर वाढते, रक्तदाबही वाढू शकतो, त्यामुळे या काळात आम्ही दिवसातून तीन वेळा साखर तपासली आणि इथल्या डॉक्टरांशी फोनवर बोलून औषधांचे प्रमाण बदलले. आपली सगळी औषधे आणि आजार तिथल्या डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगावेत, कारण त्यांच्यासमोर आपली जुनी फाइल नसते.

ढिगाचे काय झाले तेही सांगते. मुलाने तो वाळल्यावर अंगणातल्या शेकोटीत जाळायचे ठरवले होते. शेजारच्या बाईंनी कुंपणापलीकडून ते ऐकले आणि त्या धावतच आल्या. ही वेल जाळली की उरुशिऑल धुराच्या कणांबरोबर उडते आणि तो धूर श्वासात गेला तर घसा व फुप्फुसे आतून सुजतात, जंगलातील वणवे विझवणाऱ्या कामगारांना याचा फार त्रास होतो. धुरानंतर श्वास लागला तर तिकडच्या तातडीच्या मदतीच्या 911 या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. त्या बाईंमुळे आमच्या घरावरचे मोठे संकट टळले, आणि ती वेल कोणती हे आम्हाला पहिल्यांदा कळले तेही त्यांच्याच तोंडून. वेल काढायचीच असेल तर पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब विजार, बूट आणि जाड व्हाइनिलचे हातमोजे घालावेत. डॉक्टर वापरतात तसल्या पातळ रबरी हातमोज्यांतून चीक आत शिरतो. काढलेली वेल पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्यावी. माझे मत विचाराल तर पाहुण्या आलेल्या ज्येष्ठांनी हे काम करूच नये, ते जाणकार माळ्याकडे सोपवावे.

ही वेल कमी होत जाईल असे समजू नये. ड्यूक विद्यापीठाच्या जंगलात हवेतील कार्बन डायऑक्साइड मुद्दाम वाढवून अनेक वर्षे प्रयोग केला गेला. त्याचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यानुसार तशा हवेत पॉयझन आयव्ही कितीतरी जोमाने वाढली आणि तिच्यातले उरुशिऑल अधिक बाधक स्वरूपाचे झाले. आज जी नातवंडे तिकडे रांगत आहेत त्यांच्या अंगणात ती आजच्याहून दांडगी असेल.

आपल्या वृत्तपत्राने एप्रिलच्या आसपास, म्हणजे लोकांच्या बॅगा भरल्या जात असतानाच, या वेलीची रंगीत छायाचित्रे छापावीत अशी माझी विनंती आहे. एक उन्हाळी हिरव्या पानांचे, एक शरदातल्या लाल पानांचे, एक खोडावरच्या केसाळ दोराचे आणि एक बॉक्स एल्डरच्या रोपट्याचे, तुलनेसाठी. सोबत तीन वाक्ये पुरेत: चीक लागल्यास लगेच भांड्याच्या साबणाने धुवा, वेल जाळू नका, आणि पुरळ उठलेल्या माणसाला घरातल्यांपासून वेगळे ठेवू नका. जागा कमी पडली आणि एखादे वाक्य गाळावे लागले, तर तिसरे गाळू नये.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका